सरोजाक्कांची रेकॉर्ड

मित्रांनो, माझा रंग काळा, आकार जेवणाच्या ताटाएवढा आणि वय चाळिशीच्या पुढे आहे. मी एक ग्रामोफोन रेकॉर्ड आहे. तुम्ही सीडी ऐकणारी मुलं. माझ्या अंगावरच्या बारीक रेघांमध्ये गाणी दडली आहेत, हे तुम्हाला कदाचित खरं वाटणार नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. वाफेने मऊ केलेला प्लास्टिकचा काळा गोळा दोन साच्यांमध्ये दाबला गेला, आणि गिटारवर गाणाऱ्या एका बाईचा आवाज माझ्यात उतरला. ती ब्लूज गात असे. कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या लोकांनी आपलं दुःख हलकं करायला जी गाणी गायली, त्यांतून हे संगीत जन्माला आलं. तिच्या रेकॉर्ड फार निघाल्या नाहीत, आणि विकल्या गेल्या त्याहून कमी.

१९६२ साली गुंडो नावाच्या तरुणाने मला एका बंदरातल्या दुकानातून घेतलं. तो मद्रासच्या तंजावर-मराठी घरातला, मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. तिथल्या एग्मोर भागातल्या घरी येऊन त्याने मला धाकट्या बहिणीच्या, सरोजाच्या हातात दिलं. घरात रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नव्हतं. ते पुढच्या फेरीत आणतो, असं सांगून तो गेला आणि परदेशात तापाने वारला. सरोजा नर्स झाली, पुढे निवृत्त झाली. शेजाऱ्यांकडे यंत्र होतं, पण भावाशिवाय, तिच्या अण्णाशिवाय, ऐकायचं तिच्या जिवावर आलं. नंतर ती यंत्रंही दिसेनाशी झाली. बेचाळीस वर्षं मी साड्यांच्या कपाटात मुकी पडून राहिले.

उमाकांत मला भेटले ते २००४ मध्ये. ते एग्मोरच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झाले होते आणि मद्रासमध्येच नुंगंबाक्कमला राहत होते. तरुणपणी एका अँग्लो-इंडियन गार्डाने ऑस्ट्रेलियाला जाताना त्यांना ब्लूजच्या दोन रेकॉर्ड दिल्या होत्या. तेव्हापासून त्यांना छंद जडला. जुन्या बाजारात, रद्दीवाल्यांकडे, बंद पडलेल्या हॉटेलांत शोधून त्यांनी तीनशेच्या वर रेकॉर्ड जमवल्या. त्यांच्या पत्नी विमलाबाईंची महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात सरोजाक्कांशी ओळख झाली आणि बोलता बोलता माझा विषय निघाला.

मला पाहून उमाकांतांनी माझ्यावरचं नाव दोनदा वाचलं. या गायिकेची रेकॉर्ड ते वीस वर्षं शोधत होते. त्यांनी मला विकत मागितलं. सरोजाक्का नाही म्हणाल्या. मग उमाकांतांनी मला स्वच्छ करून, यंत्रासकट परत आणून ऐकवायचं कबूल केलं. पंधरा दिवसांत आणतो, म्हणाले.

मित्रांनो, खरं सांगते, त्यांच्या घरी मी सुखावले. मद्रासच्या दमट हवेने माझ्यावर बुरशी चढली होती. त्यांनी ती मऊ फडक्याने हळूहळू पुसली. मला आडवं न टाकता फळीवर उभं ठेवलं. आणि सुई माझ्यावर टेकली, तेव्हा इतक्या वर्षांनी मी गायले! उमाकांत डोळे मिटून ऐकत राहिले.

पंधरा दिवस गेले, दोन महिने गेले. सरोजाक्कांचा फोन आला, तेव्हा सुई बदलायची आहे, असं उमाकांतांनी सांगितलं. पुढच्या वेळी गुडघेदुखीचं निमित्त झालं. त्यानंतर फोन आला नाही. उमाकांतांना वाटलं, म्हातारी विसरली. मलाही तसंच वाटून घ्यायला आवडलं.

त्यांनी माझ्यासाठी नवं पाकीट आणलं आणि फाटकं जुनं पाकीट रद्दीत टाकलं. रद्दी बांधताना ते विमलाबाईंच्या हाती लागलं. आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘सरोजास. यंत्र घेऊन येतो. मग दोघं ऐकू. अण्णा.’

विमलाबाई ते घेऊन नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. मोठ्याने बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

“तुम्हाला ऐकायचं होतं, ते तुम्ही रोज ऐकता,” त्या म्हणाल्या. “तिनं अजून एकदाही ऐकलेलं नाही.”

उमाकांतांनी जुनं पाकीट चिकटवलं, मला त्यात घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच रिक्षाने एग्मोर गाठलं. दाराला कुलूप होतं. शेजारच्या विशालाक्षी म्हणाल्या की सरोजाक्का न्हाणीघरात घसरून पडल्या, कमरेचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आहे.

हॉस्पिटलच्या खाटेवर त्या खूप लहान दिसत होत्या. उमाकांत स्टुलावर बसले. मी त्यांच्या मांडीवर होते.

“सरोजाक्का, रेकॉर्ड केव्हाच तयार होती,” ते म्हणाले. “मला परत द्यावीशी वाटली नाही. मी खोटं बोललो.”

सरोजाक्कांची मराठी जुन्या वळणाची होती, तमिळ हेलाची.

“मज वाटलं, तुम्हांस बरं नाही,” त्या म्हणाल्या. “उगा त्रास नको, म्हणून फोन नाही केला.”

उमाकांतांनी मला मांडीवरून उचलून त्यांच्या हातात दिलं.

तीन आठवड्यांनी त्या घरी आल्या. उमाकांत आणि विमलाबाईंनी यंत्र त्यांच्या खाटेजवळच्या टेबलावर मांडलं. सुई टेकली. थोडी खरखर झाली आणि गिटार वाजू लागली. मी जन्मात इतक्या जपून कधी गायले नव्हते. सरोजाक्का फिरणाऱ्या माझ्याकडे एकटक बघत होत्या. गाणारी बाई काय म्हणते, असं त्यांनी विचारलं. उमाकांतांनी सांगितलं, घरातलं माणूस दूर गेलं आहे आणि ती दोघांचा स्वयंपाक करून बसली आहे.

“अण्णास इंग्रजी येत नव्हतं,” सरोजाक्का म्हणाल्या. “गळा आवडला असेल.” मग डोळे पुसून म्हणाल्या, “अजून एकदा लावा.”

ते यंत्र उमाकांतांनी तिथेच ठेवलं. आता दर रविवारी दोघं नवराबायको आपल्या संग्रहातल्या दोन-तीन रेकॉर्ड घेऊन येतात. विशालाक्षीही कॉफीचा पेला घेऊन येऊन बसतात. माझ्या बहिणींना प्रथमच एवढे कान मिळाले आहेत.

मित्रांनो, आम्हाला उन्हात ठेवू नका, रेघांवर बोटं फिरवू नका. आणि कुणाची वस्तू तुमच्या घरी राहिली असेल, तर ती आजच नेऊन द्या. ज्याची आहे तो मागत नाही, म्हणून तो विसरला असेल, असं समजू नका. तो कदाचित तुमचीच काळजी करत बसला असेल.