आरशांवरचे टॉवेल

"हलू नकोस गं. एकच पिन राहिलीय."

"तू नेहमी एकच म्हणतेस," गुंडी म्हणाली.

पार्लरचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं. शाळेच्या गणवेशात गुंडी खुर्चीत बसली होती आणि तिची आई तिच्या कानामागून केसांचा एक जाड पदर उचलून टाळूवर आणत होती. त्या पदराखाली केसांचा एक तुकडा क्लिपांनी बसवलेला होता. आईने तो स्वतःच्या हाताने तयार केला होता, अगदी गुंडीच्या केसांच्या रंगाचा आणि पोताचा. वरून एक सैल वेणी घातली, एक बट मुद्दाम सुटी सोडली, की झालं. मग कोणी अगदी नाक लावून पाहिलं तरी टाळूवरचा तळहाताएवढा उघडा भाग दिसायचा नाही.

गुंडी स्वतःचे केस उपटत होती. कधी सुरू झालं ते घरात कुणालाच सांगता आलं नसतं. आधी उशीखाली केस सापडले, मग कंपासपेटीत, मग अंथरुणाच्या कडेला. दुसऱ्या कुठल्याही आईने मुलीला आधी डॉक्टरकडे नेलं असतं. हिने खुर्चीत बसवलं. हात इतका सफाईदार की पोरीचं दुखणं दोन वर्षं कुणाच्या दृष्टीलाही पडलं नाही. वर्गशिक्षिका वेणीचं कौतुक करायच्या. त्यातल्याच एका वर्षी गुंडीला शाळेत नीटनेटकेपणाचं बक्षीस मिळालं, आणि आईने ते पार्लरच्या फळीवर शाम्पूच्या बाटल्यांशेजारी ठेवलंसुद्धा.

बाबा बस चालवायचा. त्याने आधी रागावून पाहिलं, मग रात्री हातात मोजे घालायला लावले, मग नवा फोन घेऊन देतो म्हणाला. कशाचाच उपयोग होईना, तेव्हा त्याने तो विषयच सोडून दिला. सकाळी बसची टोपी डोक्यावर चढवायची आणि मुलीच्या डोक्याकडे न बघता घराबाहेर पडायचं, एवढंच त्याला जमू लागलं.

शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून आई गुंडीला घेऊन वाचनालयाच्या वरच्या खोलीत गेली. तिथे दर बुधवारी संध्याकाळी सिस्टर मुलांचा आणि त्यांच्या आईबापांचा गट भरवायच्या. सिस्टर उभा जन्म मुलांच्या वॉर्डात काढून निवृत्त झालेल्या. नर्सचा गणवेश सुटला तरी नाव सुटलं नव्हतं. त्या खोलीच्या दाराशी एक वेताची टोपली असायची. बाहेरच्या जगासाठी जे काही अंगावर चढवून आला असाल ते तिच्यात काढून ठेवायचं, मग आत यायचं. कुणी कानातले हेडफोन ठेवायचं, कुणी उन्हाळ्यातसुद्धा मनगटापर्यंत ओढलेलं जाकीट. पहिल्या बुधवारी सिस्टरांनी गुंडीच्या डोक्यावरचा तुकडा निरखून पाहिला.

"काम सुरेख केलंय हो," त्या आईला म्हणाल्या. "कुणासाठी केलंत?"

"हिच्यासाठीच की."

"हिला विचारलं होतंत?"

नव्हतं विचारलं. हा हट्ट नाही, खोड नाही, आणि ओरडून तर मुळीच जाणारं नाही, हे सिस्टरांनी तिला हळूहळू पटवलं. हात डोक्याकडे निघाला की मुलीला तो आपला आपल्याला कळला पाहिजे. तेवढ्यात त्या हाताला दुसरं काही द्यायचं. म्हणून गटात बोलताना प्रत्येकाच्या हातात काहीतरी असायचं, कुणाच्या लोकर, कुणाच्या माती, कुणाच्या गाठी सोडवायला दिलेली दोरी. गुंडी आल्या आल्या केसांचा तुकडा टोपलीत टाकायची आणि तासभर उघड्या डोक्याने लोकर विणत बसायची. आठवड्यातला तेवढाच तास ती मोठ्याने हसायची.

मात्र या तासाला मायलेकी जायच्या त्या मागच्या गल्लीतून, मागच्या जिन्याने. शिवाय आई ओढणीने तोंडही झाकून घ्यायची. पार्लरवालीच्या मुलीच्या डोक्यावर केस नाहीत, हे गिऱ्हाइकांना कळलं तर?

तर पिना लावल्या त्याच बुधवारी दुपारी अध्यक्षबाई आल्या. या वाचनालयाच्या समितीच्या अध्यक्षबाई आणि पार्लरच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. महिन्यातून एकदा केस रंगवायला यायच्या आणि जाताना गावभराच्या बातम्या ठेवून जायच्या. गुंडी शाळेतून येऊन मागच्या पडद्याआड अभ्यासाला बसली होती. संध्याकाळची वाट बघत होती.

"या वेळी जरा गडद लाव हं," अध्यक्षबाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. "मुळं फार लवकर पांढरी व्हायला लागलीत. या समितीच्या कटकटींनी, दुसरं काय!"

"हो ना," आई म्हणाली.

या धंद्यात 'हो ना' म्हणता आलं की निम्मं काम झालं. सुनेबद्दल, शेजारणीबद्दल, महागाईबद्दल, गिऱ्हाईक काहीही बोलो, मागून आपलं 'हो ना' यायचं. आईने भांग पाडला, रंग कालवला आणि डाव्या बाजूपासून ब्रश फिरवायला सुरुवात केली.

"आज मात्र मी तुकडाच पाडला," अध्यक्षबाई सांगू लागल्या. "ती वाचनालयाची वरची खोली आहे ना? तिला दुपारी कुलूप ठोकूनच आले."

ब्रश थांबला. "कुठल्या खोलीला?"

"अगं, ती वेड्या पोरांची. ती कोण सिस्टर दर बुधवारी भरवते ना तिथं. किती दिवस लोकांच्या तक्रारी येत होत्या. वाचनालयात लहान मुलं येतात, म्हातारी माणसं येतात, आणि जिन्यात ही असली! एक घोडा एवढा मोठा, म्हणे तासभर भिंतीकडे तोंड करून बसतो. एका पोरीच्या डोक्याला तर चक्क टक्कल. बघवत नाही गं! मला पोरांचं काही नाही, त्यांच्या आईबापांचं नवल वाटतं. डोळे मिटून बसलेत का काय?"

पडद्यामागे कंपासपेटी पडली. पडद्याखालून एक पेन्सिल घरंगळत बाहेर आली आणि खुर्चीच्या पायाशी येऊन थांबली.

आईचं तोंड उघडलं. सवयीने 'हो ना' जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात तिला समोरच्या आरशात पडद्याची फट दिसली, आणि फटीतून गुंडीचा हात. तो सावकाश वर निघाला होता, वेणीच्या दिशेने.

"नाही," आई म्हणाली.

"काय नाही?"

"ती टक्कल असलेली पोरगी माझी आहे."

अध्यक्षबाईंनी आरशातच तिच्याकडे पाहिलं. "तुझी? म्हणजे गुंडी? काहीतरीच काय! इतके छान केस आहेत तिचे. मागच्या खेपेला मीच नाही का म्हटलं, काय सुंदर वेणी आहे म्हणून?"

"म्हणालात. ती वेणी माझी. खालचं डोकं तिचं."

अध्यक्षबाई ताडकन उठायला गेल्या.

"बसा," आई म्हणाली. "रंग अर्धाच लागलाय."

आणि खरंच की! डावीकडून काळ्याभोर, उजवीकडून पांढऱ्याफटक अशा अवतारात भर दुपारी रस्त्याने जाणं अध्यक्षबाईंच्या बापजन्मात शक्य नव्हतं. त्या बसल्या. आईने ब्रश पुन्हा वाटीत बुडवला.

"तुम्ही इतकी वर्षं येताय," ती रंग लावता लावता म्हणाली. "पांढरे केस झाकायला. मी कधी कुणाला बोलले? नाही बोलले. झाका की, खुशाल झाका. माझ्या पोरीचंपण मी झाकलं. पण तिला आठवड्यातून एकच तास डोकं उघडं ठेवून बसायला मिळत होतं. चार माणसांत, न लाजता. त्याला तुम्ही कुलूप घातलंत."

"मला काय माहीत गं तुझी मुलगी त्यात आहे ते! आधी सांगायचंस."

"माझी नसती तर चाललं असतं?"

"समितीचा निर्णय आहे," अध्यक्षबाई पुटपुटल्या. "मी एकटी काय करणार?"

"मग मी एकटी काय करते ते बघा."

रंग तिने पूर्ण लावला. एक मूळ पांढरं सोडलं नाही. वेळ झाल्यावर केस धुतले, वाळवले, खालची टोकं सारखी केली. राग आला म्हणून काम बिघडवणाऱ्यांतली ती नव्हती. अध्यक्षबाईंनी जाता जाता दारात पर्स छातीशी धरून शेवटचा बाण सोडलाच.

"हे बरं नाही केलंस. असली मुलं इथं यायला लागली ना, तर गिऱ्हाइकं फिरकणार नाहीत."

"ज्यांना फिरकायचं नाही त्यांनी दुसरीकडं केस कापून घ्यावेत," आई म्हणाली आणि शटर थोडं खाली होतं ते पार वर ढकलून दिलं.

मागे वळली तर गुंडी पडद्याबाहेर उभी.

"तू सांगितलंस त्यांना."

"हो."

"मला न विचारता."

एवढा मोठा गड जिंकल्याच्या थाटात आई उभी होती, ती एकदम खुर्चीच्या पाठीला धरून राहिली. झाकताना विचारलं नव्हतं, आणि उघडं करतानाही नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

गुंडीने खाली वाकून पेन्सिल उचलली. थोडा वेळ ती बोटांत फिरवत राहिली. "पुढच्या वेळी विचार," ती म्हणाली. मग ओठ दाबूनही तिला हसू आवरेना. "त्यांचं डोकं बघितलंस का आई? अर्धं काळं, अर्धं पांढरं!"

दोघी हसल्या. हसता हसता आईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने रंगाचे डाग पडलेल्या टॉवेलनेच पुसलं.

"गट इथं भरवायचा? चालेल तुला?" तिने या खेपेला विचारलं.

"आरशांसमोर?" गुंडीने जरा विचार केला. "चालेल."

एव्हाना गटाची वेळ झाली होती, आणि सिस्टर कुलपासमोर मुलांना घेऊन उभ्याच होत्या. फोन लागताच आई म्हणाली, "सगळ्यांना इकडं घेऊन या. आणि मागच्या गल्लीतून नको. पुढच्या रस्त्यानं या."

मग तिने बाबालाही फोन केला. तो कधीच गटाला आला नव्हता. "बस डेपोत लावली की सरळ पार्लरवर ये," ती म्हणाली. "का ते विचारू नकोस. ये."

खुर्च्या कडेला सारल्या, बाक पुसला. भिंतभर आरसे बघून मात्र ती थबकली. उपटलेले केस, थरथरते हात, जागरणाने ओढलेले चेहरे, हे सगळं त्या पोरांना चारी बाजूंनी दिसणार. तिने धुतलेले टॉवेल काढले आणि एकेका आरशावर टाकून वरून क्लिपा लावल्या. आपल्याला कसं अगदी वेळेवर सुचलं, असंही तिला वाटलं.

मंडळी आली. सिस्टरांनी टोपली बगलेत मारून आणली होती, ती पार्लरच्या उंबऱ्याशी ठेवली. हेडफोन पडले, जाकीट पडलं. अध्यक्षबाईंनी 'घोडा' म्हटलेला तो उंच मुलगा नेहमीसारखा आत आला आणि खुर्ची ओढून भिंतीकडे, म्हणजे टॉवेलकडे तोंड करून बसला. बाबा सगळ्यात शेवटी आला. दारातच घुटमळला. आत बायकांचं पार्लर, एवढी अनोळखी माणसं, आणि त्यांच्यात आपली बायको लोकरीचे गुंडे वाटतेय.

"टोपी काढा आणि टोपलीत टाका," सिस्टर म्हणाल्या. "ड्रायव्हर बाहेर राहू दे. बाबा आत या."

त्याने टोपी टोपलीत ठेवली. रिकामी जागा एकच होती, केस वाळवायच्या यंत्राखालची. त्या मोठ्या टोपाखाली तो अवघडून बसला तेव्हा दोन मुलं फिस्सकन हसली, आणि मग तोही हसला.

गुंडीने मानेमागे हात नेऊन एकेक क्लिप काढली. केसांचा तुकडा टोपलीत ठेवला. बाबाने आज कितीतरी दिवसांनी तिच्या डोक्याकडे पाहिलं. नजर खाली गेली, पण त्याने ती पुन्हा वर आणली.

"आई, हे टॉवेल कशाला?" गुंडीने विचारलं.

"अगं, मुलांना अवघडल्यासारखं नको व्हायला."

"त्यांना, की तुला?"

गुंडीने पहिला टॉवेल ओढला. मग दुसरा. उंच मुलाच्या समोरचा टॉवेल काढताना ती थांबली. "काढू?" तिने विचारलं. त्याने मान हलवली. टॉवेल खाली आला. तो तसाच भिंतीकडे तोंड करून बसलेला होता, पण आता त्याच्यासमोर सगळी खोली होती, लोकर, माती, सिस्टर, टोपाखालचा बाबा. तो कितीतरी वेळ बघत राहिला.

"इथून सगळे दिसतात," तो म्हणाला.

त्याची आई कोपऱ्यात बसली होती. तिने हातातली दोरी घट्ट धरली आणि ती रडू लागली. कुणी तिला गप्प केलं नाही.

रस्त्यावरून जाणारी माणसं आत डोकावत होती. दोन गिऱ्हाइकं दारापर्यंत येऊन परत फिरली. आईने त्यांना पाहिलं, एकदा शटरकडेही पाहिलं, आणि जागची हलली नाही.

सगळे गेल्यावर बाबा बाहेर पायरीवर थांबला. त्याने टोपी गुंडीपुढे धरली. "घालतेस? घरापर्यंत?"

"नको. गरम होतं."

त्याने टोपी खिशात कोंबली.

"उद्या शाळेसाठी काय करू?" आईने विचारलं. "लावू, की नको?"

"शाळेत अजून नको दाखवायला. उद्या लाव," गुंडी म्हणाली. "परवाचं परवा विचार."

"विचारते."

आईने केर काढायला घेतला. मोठ्या खुर्चीखाली अध्यक्षबाईंच्या कापलेल्या टोकांचे बारीक तुकडे होते. गुंडी बसली होती तिथे फरशीवर चार-पाच लांब केस पडले होते, मुळांसकट. बोलता बोलता हात गेला होता तर. असे केस दिसले की आई आजवर ते मुठीत गोळा करायची आणि चहाच्या चोथ्याखाली दडपून टाकायची, कुणाला दिसू नयेत म्हणून. गुंडीनेही ते केस पाहिले. मग ती सुपली घेऊन समोर बसली आणि आईने झाडू फिरवून सगळे केस एकाच ढिगात ओढले.