मऊ नकार, कडक नकार

सरकारने कायदा केला की यंत्राने माणसाच्या मोबाइलवर आपणहून फोन लावायचा नाही. फार चांगला कायदा. फोनवर सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीने त्यावर तोडगा काढला तो असा: नंबर यंत्रच निवडणार, यंत्रच जोडणार, मधलं एक बटण तेवढं लायलने दाबायचं. लायल पूर्वी धान्याच्या कोठारावर ट्रक तोलायचा. आता तो काचेच्या खोलीत बसून दिवसभर एकच हिरवं बटण दाबत असे आणि त्याचं बोट लागलं की तो फोन यंत्राचा न राहता माणसाचा होत असे. पलीकडे कोण बोलतंय ते त्याला ऐकूही येत नसे. पण त्याच्या बोटावर वकिलांनी सोळा पानं लिहिली होती म्हणे.

आर्डिस व्हर्बका काचेच्या अलीकडे, बोलणाऱ्यांत. नेब्रास्कातल्या एका ओस पडलेल्या मॉलमध्ये, बुटांचं दुकान उठून गेलं त्या जागेत, अठरा टेबलं मांडून सरकारचं आरोग्य सर्वेक्षण चालायचं. प्रश्न जसेच्या तसे वाचायचे, पदरचा एक शब्द घालायचा नाही. लोकांना जेवणावरून उठवून ती विचारी, "गेल्या महिन्यात किती दिवस तुम्हाला अस्वस्थ वाटलं?" आणि लोक बिचारे मोजून सांगत. कोणी म्हणालंच की अहो, नको असलेल्या फोनांच्या यादीत मी नाव घातलंय, तर त्यालाही वाक्य तयार होतं. ती यादी माल विकणाऱ्यांसाठी. आम्ही काही विकत नाही. तुमच्याकडे आरोग्यविमा आहे का, हेही आर्डिस तीन वर्षं विचारत होती. स्वतःचा विमा तिला याच वसंतात मिळाला, नोकरीत कायम केल्यावर. ऑक्टोबरात गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं.

नकार दोन प्रकारचे. "आज नको", "जरा घाईत आहे", "माफ करा हं" हे सगळे मऊ नकार. मऊ नकाराला पुन्हा फोन जायचा, पंधरा वेळा. कडक नकार म्हणजे शिवी. बोलणं यंत्र ऐकत असे. शिवी कानावर पडली की नंबरावर शिक्का बसे आणि तो कायमचा बाद. मग खुद्द साहेबालाही तो परत घेता येत नसे. म्हणजे ज्याचं तोंड गटार, तो सुटला. आणि नेब्रास्कात तर माणसं पायावर ट्रॅक्टर गेला तरी आधी ट्रॅक्टरवाल्याची माफी मागतात. अख्खं राज्य मऊ नकारात अडकलेलं.

नॉर्मा टीमन त्यातल्याच. वय ब्याऐंशी. नवरा व्हर्नन पुढच्या खोलीत खाटेवर, शेवटचे दिवस मोजत. रोज नर्स यायची, पण कधी कोणती आणि किती वाजता, ते फोनवर कळायचं, आणि दर वेळी नवा नंबर. त्यामुळे बाईंना प्रत्येक फोन उचलावाच लागे. यंत्राने सहाव्यांदा त्यांना आर्डिसच्या कानाशी आणून बसवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "परत तूच का गं बाळा? माझ्यामुळे तुझं काम अडलं असेल." आर्डिस अठ्ठावन्न वर्षांची होती. तिला बाळ म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं.

ती उठून थेट कर्टिस होमक्विस्टकडे गेली. कर्टिस तिथला साहेब, चर्चमध्ये गाणारा, शर्टाचं वरचं बटण लावणारा. तो चिलीत, म्हणजे राजम्याच्या तिखट रश्शात, दालचिनीचा गोड रोल बुडवून खात होता.

"टीमनबाईंचा नंबर काढून टाक."

"नकार काय दिला त्यांनी?"

"घरात माणूस मरतोय, हा नकार नाही होय?"

"ही परिस्थिती झाली, आर्डिस. नकार नाही. 'आज नको' म्हणाल्या ना? म्हणजे उद्या चालेल."

"उद्या तो मेलेला असेल."

"मग त्याचा कोड वेगळा आहे," कर्टिस समजुतीने म्हणाला. "पण सर्वेक्षणासाठी निवडलेल्या नमुन्यात ते नाहीत, त्या आहेत."

"आणि त्यांनी शिवी दिली तर?"

"मग प्रश्नच मिटला."

"तसं सांगू त्यांना?"

त्याने रोल खाली ठेवला. "उत्तर सुचवायचं नाही. सुचवलंस तर नोकरी जाईल. तुला माहितीये."

"म्हणजे त्या सभ्य आहेत म्हणून ही शिक्षा."

"आपला नमुना राज्याचं खरं चित्र असावा लागतो. सगळे सभ्य लोक सोडून दिले तर काय उरेल?"

इतका मूर्खपणा इतक्या शांतपणे ऐकायची आर्डिसला अजून सवय झालेली नव्हती.

पुढचे फोन दुसऱ्यांकडे गेले. नववा, मंगळवारी दुपारी, पुन्हा तिच्याकडे आला. काचेपलीकडे लायलने सँडविच खाता खाता बटण दाबलं.

"नमस्कार. मी राज्याच्या आरोग्य सर्वेक्षणातर्फे..."

"हो गं, ओळखला आवाज." टीमनबाईंना धाप लागली होती. "मला वाटलं, नर्सच. दोन दिवस तोंडातून शब्द नव्हता बघ त्यांच्या. आत्ता डोळे उघडले, माझा हात धरला, काहीतरी बोलायला लागले होते. आणि हा वाजला. मी म्हटलं, आलेच हं."

आर्डिसच्या समोर पडद्यावर वाक्य लखलखत होतं: तुम्हाला सोयीची वेळ कोणती?

"काय म्हणत होते ते?" तिने विचारलं. हा प्रश्न यादीत नव्हता.

"तेच तर ऐकायचं राहिलं. अजून ओठ हलताहेत इथून दिसतंय. बाळा, तू रागावू नकोस, पण हे फोन बंद कसे करायचे? तू सांगशील ते मी म्हणते. कुठे सही लागत असेल तर सहीसुद्धा करते."

आर्डिसने कर्टिसच्या दाराकडे पाहिलं. मग तिचा बाप बैल दावणीतून सुटल्यावर जे बोलत असे, ते तिने एका दमात, एकही शब्द न गाळता, फोनमध्ये म्हणून टाकलं. त्यात बैलाची आई होती, बैलाच्या मालकाची आई होती, आणि जी कृत्यं त्यात वर्णिलेली होती ती कोणत्याच बैलाला जमणारी नव्हती. आजूबाजूची सतरा टेबलं गप्प झाली.



"बाळा," टीमनबाई हळूच म्हणाल्या, "तुझं बरं आहे ना सगळं? कोणी छळतंय का तुला तिथे?"

"माझं छान आहे, टीमनबाई. फोन ठेवा आणि त्यांच्याजवळ जाऊन बसा. पळा."

बाईंनी फोन ठेवला. तोवर यंत्राचं काम झालं होतं. आर्डिसच्या पडद्यावर लाल पट्टी आली: कडक नकार. कायम बाद. आवाज कोणाचा होता, हे विचारायचं यंत्राला कोणी शिकवलेलं नव्हतं; त्याला शब्द पुरे.

दहा मिनिटांत कर्टिसने तिला आत बोलावलं. तो मान वर करत नव्हता.

"फॉर्म भरावा लागेल. आणि तू आजच..."

"कळलं. भर."

तो टाइप करू लागला. नाव, तारीख, टेबल क्रमांक. मग थांबला. चौकटीत सूचना होती: कर्मचाऱ्याने उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहा. कर्टिसने पहिलं अक्षर लिहिलं, पुढे फुल्या मारल्या. फॉर्मने ते घेतलं नाही. उत्तर अपूर्ण, म्हणाला. त्याने फुल्या कमी केल्या. अपूर्ण. त्याने लिहिलं, 'असभ्य भाषा'. पुन्हा अपूर्ण.

"नियमच आहे," आर्डिस म्हणाली. "जसंच्या तसं."

"माझ्या हातून नाही व्हायचं ते," कर्टिस म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "बुधवारी गाण्याची तालीम आहे माझी."

"सरक तिकडे."

खुर्ची ओढून ती बसली आणि शांतपणे, शुद्धलेखन सांभाळून, सगळं टाइप केलं. मधे एकदा थांबून बैलाच्या मालकाच्या आईचा राहिलेला भाग आठवून घातला. कर्टिस खिडकीबाहेर मॉलच्या रिकाम्या पार्किंगकडे बघत होता.

"पाठवू?"

"पाठव."

"त्याआधी मला टीमनबाईंची नोंद दाखव."

त्याने दुसरी खिडकी उघडून नंबर टाकला. यंत्राने शोधलं आणि काही सापडत नसल्याचं कळवलं. आर्डिसने त्याला पुन्हा एकदा टाकायला लावला. तेच उत्तर. मग तिने पाठवण्याचं बटण स्वतःच्या बोटाने दाबलं आणि कोट घ्यायला गेली.