लिहून दिलेली झोप

आमच्याकडे वारा असा, की एकदा हॉटेलच्या पाटीवरची अक्षरं उडाली आणि पार नेब्रास्कात दुसऱ्याच कुणाच्या हॉटेलावर जाऊन चिकटली. त्या माणसानं ती ठेवून घेतली. धंदाही बरा चालला म्हणे त्याचा. तेव्हापासून आमच्या हॉटेलाला नाव राहिलं नाही. ड्रायव्हर लोक नुसतं म्हणायचे, लिओटाकडे थांबू. लिओटा म्हणजे मी. एल्क माउंटनच्या पायथ्याशी, लॅरमी सोडून रॉलिन्सकडे निघालं की मध्येच आमचं हॉटेल. वडिलांनी मागं ठेवलेलं, आणि मी एकटीच चालवत होते. तरुण होते तेव्हा, केसही लाल होते. ते वाऱ्यानं नेले नाहीत, नंतर आपले आपणच गेले.

मागच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून ड्रायव्हर आपापली लॉगबुकं भरायचे. सरकारचा नियम असा, की दहा तास चालवलं की आठ तास विश्रांती घ्यायची. रोजचं एक पान, पानावर चार ओळी. सुट्टीवर होतो, ट्रकमधल्या बर्थवर झोपलो होतो, गाडी चालवत होतो, दुसऱ्या कामात होतो. ज्या वेळी जे केलं त्या ओळीवर रेघ ओढायची. ही मंडळी मात्र सगळ्या आठवड्याच्या रेघा एका कॉफीत ओढायची. त्या वहीला ते गोष्टींचं पुस्तक म्हणायचे. आता गोष्टींच्या बाबतीत माझा हात कोण धरणार? हळूहळू सगळी पुस्तकं माझ्याकडे यायला लागली. मी किटली हातात घेऊन त्यांच्या खांद्यावरून वाचायचे आणि सांगायचे, अरे शहाण्या, तू शायेनला झोपलेला होतास तर त्याच वेळी डेन्व्हरला डिझेल कुणी भरलं, तुझ्या भुतानं? मग मीच पेन घ्यायचे. शेकडो माणसांची झोप लिहून दिलीय मी. अशी शांत, गाढ, कायदेशीर झोप, की वाचणाऱ्याला जांभई यावी.

त्यांना त्यात काही पाप वाटत नसे, मलाही नाही. म्हातारा ड्रायव्हर हॉलिस म्हणायचा, हा नियम करणारा माणूस रोज ठरल्या वेळी बायकोशेजारी आडवा होतो, त्याला काय ठाऊक झोप कधी येते आणि कधी रुसते. आणि कंपनीचा माणूस फोनवर एकाच श्वासात सांगणार, वही कायद्यात ठेव आणि परवा सकाळी कॅलिफोर्नियात ओकलंडला माल उतरव. दोन्ही जमवायचं तर ट्रकला पंख हवेत. ते पंख मी कागदावर काढून द्यायचे.

तर एकदा शरदात, भर दुपारी, डेल्मर ह्रुस्का आला. ग्रँड आयलंडहून कॅलिफोर्नियाला मांस न्यायचा तो. अख्खे सोललेले बैल आकड्यांना टांगलेले, वळणावर एका बाजूला झुलायचे आणि ट्रकला सोबत ओढायचे. त्या कामाला डोकं जागेवर लागतं. डेल्मरचं डोकं त्या दिवशी कुठं होतं कोण जाणे. आल्या आल्या त्यानं टोपी काढून स्टूलाला नमस्कार केला. कॉफीत मीठ घातलं आणि पिऊनही टाकली. मग म्हणाला, "या भागात लोक कुत्री अशी मोकळी सोडतात का गं? काळं होतं. वासराएवढं. अर्लिंग्टनच्या चढावर सरळ पुढ्यात आलं. गाडी वळवली, तर कुठं काहीच नाही."

हॉटेलातले काटे-चमचे थांबले. त्या कुत्र्याला मालक नाही, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. ज्याचे डोळे उघडे आणि आतला माणूस झोपलेला, त्यालाच ते दिसतं. जुन्या ड्रायव्हरांची रीतच होती, काळं कुत्रं दिसलं की किल्ली काढायची आणि खिशात घालायची, माल मग नासो की सडो. कंपनीला कुणी हे सांगत नसे. वहीत त्याच्यासाठी ओळच नव्हती.

हॉलिस त्याच्याजवळ सरकला. म्हणाला, "पोरा, माझा एक जोडीदार होता. त्यालाही दिसलं होतं ते." आणि डेल्मरच्या किल्लीकडे बोट दाखवलं, खिशात घाल म्हणून.

डेल्मर हसला. म्हाताऱ्या, तुझ्या कुत्र्याला हाड टाक म्हणाला. त्याला थांबणं परवडणारं नव्हतं. मागच्या खेपेला उशीर झाला होता, या खेपेला झाला तर कंपनी ट्रक काढून घेणार होती. त्यानं लॉगबुक माझ्यापुढं ठेवलं. "लॅरमीला आठ तास झोपलो असं लिही. छान लिही हं, घोरलो-बिरलो सकट."

या माणसाची कितीतरी झोप मी लिहिली होती. त्या दिवशी मात्र ती मिठाची कॉफी आठवली आणि पेन काही उचलवेना.

आता मरणाची भीती घालून उपयोग नव्हता. मरण ड्रायव्हरला नेहमी दुसऱ्याचं वाटतं. वजनकाट्यावर ट्रक अडवून वह्या तपासणारा पोलीस मात्र अगदी आपला, घरचा वाटतो. म्हणून मी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "लिहिते, पण व्हिटलॉक सकाळीच येऊन गेला. तुझ्या ट्रकचा रंग विचारत होता. पुढच्या काट्यावर उभा आहे. डिझेलच्या पावत्या, फोनची वेळ, सगळं जुळवून बघतोय. एकाला तर शिंक कुठं आली ते विचारलं त्यानं."

व्हिटलॉक म्हणजे आमच्या पट्ट्यातला हायवे पोलीस. तो कधी जाईल, डेल्मरनं विचारलं. मी म्हटलं, संध्याकाळी पाळी बदलते, तोवर माझं पेनही तुला वाचवणार नाही. हॉलिस केव्हा बाहेर सटकला कळलंही नाही. थोड्या वेळानं कुणाच्या तरी ट्रकमधला वायरलेस बोलायला लागला. नाकात बोलणारा कुणी टेक्सासवाला सांगत होता, की काट्यावर रांग लागलीय आणि व्हिटलॉक माणसं सोलून काढतोय. हॉलिस टेक्सासला कधी गेलाही नव्हता.

डेल्मर उठला, शिव्या घालत ट्रकमध्ये गेला. म्हणाला, नुसता पाठ टेकतो. पाठ टेकली आणि असा घोरायला लागला, की माझ्या खिडकीच्या काचा निघून जवळजवळ नेब्रास्काच्या वाटेला लागल्या.

आणि मग दारात कोण उभा? खुद्द व्हिटलॉक. त्याला सफरचंदाचा केक हवा होता. मागच्या टेबलावरची सगळी पुस्तकं पटापट मांडीखाली गेली. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, कुत्र्यासकट. त्यानं टोपी काढली. बाहेर जाऊन आपली गाडी कोंबड्यांच्या खुराड्यामागं लावून आला. मग आम्ही सगळे, ज्यांनी आयुष्यभर त्याला फसवलं ते आणि तो, संध्याकाळपर्यंत एका टेबलाशी कुजबुजत बसलो. कुणी दार जोरात लावलं तर व्हिटलॉकच दटावायचा.

ऊन तिरपं झालं तेव्हा डेल्मर आत आला. गालावर उशीचे वळ, डोळे लहान मुलासारखे स्वच्छ. त्याला आधी दिसला तो केक खाणारा व्हिटलॉक. एकेक करून त्यानं सगळ्यांची तोंडं बघितली. शेवटी माझ्याकडे वळला. त्याला कळलं होतं.

व्हिटलॉकनं हात पुढं केला, वही दे म्हणाला. डेल्मरनं माझ्यापुढून ती उचलली. मी त्यात काहीच लिहिलं नव्हतं. त्यानं स्वतःच उभ्या उभ्या पेन घेऊन रेघ ओढली, एल्क माउंटन, बर्थवर झोपलो होतो. व्हिटलॉकनं ती बघितली आणि सही केली. म्हणाला, या हॉटेलात पहिल्यांदाच खरं पान बघतोय. त्याआधीची पानं मात्र त्यानं उलटली नाहीत.

"मी पोचलो असतो," डेल्मर मला म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. पैसे ठेवले, टोपी घेतली आणि निघून गेला.

ओकलंडला उशीर झालाच. माल त्यांनी परत धाडला, आणि कंपनीनं ट्रक काढून घेतला. पहिलं बर्फ पडलं त्या आठवड्यात बसमधून एक माणूस उतरला, हातात एक पिशवी. डेल्मर. दारातच म्हणाला, माझं काम तू घालवलंस, आता दुसरं दे. मी एप्रन दिला. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. हॉलिसनं आहेरात उशी दिली.

चांगला होता हो माणूस. भांडी घासताना गुणगुणायचा, अंडी माझ्यापेक्षा छान करायचा. पण त्या दुपारची गोष्ट निघाली की चेहरा पडायचा. मुलं झाली, ती मोठी झाली, त्यांना मी ही गोष्ट सांगायला बसले की आतून आवाज यायचाच, की मी पोचलो असतो. मी सांगायचं थांबवायचे. रस्त्यावरून ट्रक जाताना उभा राहून बघायचा. आता त्या ट्रकांत यंत्रं आलीत, ड्रायव्हर कधी थांबला ते तीच सांगतात. बिचाऱ्यांना एकही गोष्ट येत नाही.

हॉटेल विकलं त्या वर्षी मी त्याला म्हटलं, चल, ओकलंड बघून येऊ. गाडी मी चालवली. तो शेजारी बसून नकाशा दाखवणार होता, पण रॉलिन्स जायच्या आत मान खाली. सगळं युटा झोपला. सगळं नेव्हाडा झोपला. ओकलंडच्या पुलाजवळ समुद्राचा वास आला तेव्हा दचकून उठला, डोळे चोळले, बाहेर बघितलं.

"बघ," म्हणाला, "पोचलो की नाही?"

मी म्हटलं, "पोचलास बाबा, अगदी वेळेवर."