बारवेतलं औषध

मुडबीपासून कोसभर आत असलेल्या त्या गावात उन्हाळा लागला की माणसं लंगडायला लागत. घोट्याजवळ फोड यायचा, फुटायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा नारू डोकं बाहेर काढायचा. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. घाईत तुटला की पाय सुजून माणूस दोन-दोन महिने अंथरुणाला.

गावाचं पाणी एकाच पायऱ्यांच्या बारवेचं. बायका घोटाभर पाण्यात उतरून घागरी भरायच्या आणि फोडाची आग शमते म्हणून आजारी माणसंही तिथंच पाय बुडवून बसायची. बौद्ध वस्तीला पायऱ्या उतरायची मुभा नव्हती. वर उभं राहायचं, कुणी ओतलं तर घ्यायचं. नारू मात्र त्यांनाही होत होता. वस्तीतल्या पिराजीच्या आईचा, सावित्रीबाईचा, गुडघा त्यापायीच कायमचा वाकडा झाला होता.

पिराजी मॅट्रिक झालेला. चौऱ्याऐंशी साली आरोग्य खात्यानं नारूची मोहीम काढली, तेव्हा त्याला कामावर घेतलं. घरोघर जाऊन रोगी मोजायचे, पट्ट्या बांधायच्या आणि पाण्यातले बारीक किडे मारायला महिन्यातून एकदा बारवेत औषध टाकायचं. त्या पहिल्या फेरीत त्याला एकेचाळीस रोगी सापडले.

होळी झाल्यावर एका सकाळी तो औषधाचा डबा घेऊन बारवेवर आला. सोबत हेल्थ इन्स्पेक्टर किशनराव होते. पायऱ्यांच्या तोंडाशी पंचायतीचे चेअरमन भगवानराव दहा-पंधरा माणसं घेऊन उभे होते.

“औषध टाका, आमची ना न्हाई,” भगवानराव म्हणाले. “पण ह्यो खाली उतरायचा न्हाई.”

किशनरावांनी रुमालानं मान पुसली. “पिराजी, डबा ह्या नरसिंगकडं दे. त्यो टाकील. तू वरनं सांग. काम झाल्याशी मतलब.”

गर्दीतल्या नरसिंगनं हात पुढे केला. पिराजीनं डबा दिला नाही.

“साहेब, औषध मोजायचं कुणाला शिकवलं तुम्ही?”

“तुला.”

“रजिस्टरवर सही कुणाची ऱ्हाणार?”

“तुझीच की.”

“मग हात बी माझाच लागंल.”

किशनराव त्याच्या कानाशी आले. “अजून पक्का न्हाईस तू नोकरीत. कामून वाढवायलास?”

“ठाव हाय, साहेब. आज डबा दुसऱ्याच्या हातात दिला तर उद्या पट्टी बांधायला बी दुसरा माणूस मागतील. मग खात्यानं मला ठिवलंय कशाला? लंगडे मोजायला?”

भगवानराव एक पाऊल पुढे आले. “पिराजी, ह्या गावात ऱ्हायचंय न्हवं तुला?”

“ऱ्हायचंय, अप्पा. म्हणूनच उतरायलोय.”

तो उतरू लागला. कुणीतरी मागून सदरा धरला, तो खांद्यापाशी फाटला. पिराजी थांबला नाही. सरकारी माणसादेखत हात उचलायला कुणी धजलं नाही. पाण्याच्या वरच्या पायरीवर त्यानं बादलीत औषध मोजून कालवलं आणि चारी कोपऱ्यांत शिंपडलं.

तिथंच कलाबाई पाय बुडवून बसली होती. ती भगवानरावांची धाकटी भावजय. तिच्या घोट्याचा फोड फुटला होता.

“अक्का, पाय वर घ्या,” पिराजी म्हणाला. “तुमच्या पायातनंच फुडल्या सालचा नारू पाण्यात पडायलाय.”

कलाबाईनं वर, आपल्या माणसांकडे पाहिलं. मग पाय काढून कोरड्या पायरीवर ठेवला. पिराजीनं तो पुसला आणि सगळ्यांदेखत पट्टी बांधली.

संध्याकाळी गावानं ठरवलं, बारव बाटली. तिचं पाणी कुणी घ्यायचं नाही. त्या उन्हाळ्यापासून दोन वर्षं बायका अर्ध्या कोसावरच्या मळ्यातल्या आडाचं पाणी दोरानं शेंदून आणत राहिल्या. गिरणीवाल्यानं पिराजीचं दळण बंद केलं. दुकानदार मीठसुद्धा देईना.

“तू म्हणशील तर बोलून मिटवतो,” पिराजी एकदा बायकोला, चांगुणाबाईला, म्हणाला.

“काय मिटवता? पाय धरायचे का त्यांचे?” ती म्हणाली. “मी मुडबीला दळून आणायलेच की.” आणि ती आठवड्याला ज्वारी डोक्यावर घेऊन जात राहिली.

रिकाम्या बारवेत पिराजी दर महिन्याला उतरला. आता अडवायला कुणीच नव्हतं. वस्तीतल्या बायकाही कोरड्या पायरीवरून वाकून पाणी भरू लागल्या, दुपदरी फडक्यातून गाळून.

पुढच्या उन्हाळ्यात रोगी निघाले पाच. त्याच्या पुढच्या वर्षी पिराजी सगळं गाव फिरला, एकही नाही.

“देवीला बोललो होतो,” भगवानराव ओट्यावरून म्हणाले. “तिनंच घालवला नारू.”

“तिला मान द्या, अप्पा. पण तुम्ही माझ्या रागानं दोन सालं त्या पाण्यात पाय घातला न्हाई, त्ये बी ध्यानात ठिवा.”

दाराआड कलाबाई हसली. भगवानरावांनी ऐकूनही वळून पाहिलं नाही.

त्याच साली खात्यानं पायऱ्या बुजवल्या, कठडा बांधला आणि वर चार रहाट बसवले. पाणी सुरू झालं त्या दिवशी, आता ती जुनी बारव राहिली नाही म्हणत गाव जमलं. भगवानरावांनी कडेच्या रहाटाकडे बोट केलं. “त्यो वस्तीला. बाकीचे गावाला.”

किशनरावांनी पिराजीकडे पाहिलं. या वेळी त्यांनी मधला मार्ग सुचवला नाही. म्हणाले, “चेअरमनसाहेब, नकाशात तसं कायबी लिवलेलं न्हाई.”

त्यांचं बोलणं संपायच्या आतच चांगुणाबाई मधल्या रहाटाशी गेली होती. तिनं दोर ओवला, बादली सोडली आणि सावकाश ओढायला लागली. सात-आठ बायका रिकाम्या घागरी घेऊन परत फिरल्या. कलाबाई फिरली नाही. ती चांगुणाबाईच्या मागं येऊन उभी राहिली आणि घागर खाली ठेवून आपली पाळी येण्याची वाट पाहू लागली.