घावनाच्या तव्यावर लिव्हर

मित्रांनो, मी बिडाचा तवा आहे. अंगाने जड, पण मनाने फार भित्रा. सावंतवाडीच्या बाजारात लताबाईंनी मला पारखून घेतले आणि तेल पाजून पाजून काळाभोर केले. माझ्यावरून घावन कसे जाळीदार सुटून यायचे! लेक रुचा शिकायला ॲडलेडला निघाली, तेव्हा त्यांनी मला तिच्या बॅगेत स्वेटरांमध्ये गुंडाळून ठेवले आणि बजावले, "याला अंडंसुद्धा लावायचं नाही हं!"

त्या वर्षी आपली इतकी मुले तिकडे आली होती की खोली मिळणे हेच नशीब. मॉसन लेक्स या उपनगरात रुचाला जून नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या घरात खोली मिळाली. पण पुढे जून आजारी पडल्या. हॉस्पिटलमधून परतल्या त्या अन्नावरची वासना उडूनच. सूप, टोस्ट, सारे तसेच परत यायचे. हातापायांच्या काड्या झाल्या. एका दुपारी त्या पुटपुटल्या, "बीफ लिव्हर अँड अनियन्स, लव्ह. लाइक माय मम मेड."

रुचाने गाईचे लिव्हर, म्हणजे कलेजी, आणले खरे, पण घरात जाड बुडाचे भांडे एकच होते, ते म्हणजे मी. तिला दरदरून घाम फुटला. मला फुटत नाही म्हणून, नाहीतर मीही भिजलो असतो.

जन्मात मटण न शिजवलेली पोर ती. ऐकीव माहितीवर तिने तासभर रटरटवले आणि त्याचे चामडे झाले. जूननी एक घास चघळून बशीच्या कडेला ठेवला. दुसऱ्या दिवशी रुचाने त्यांनाच विचारून केले. पातळ काप दुधात भिजवले, मैद्यात घोळवले. मंद आचेवर कांदा तांबूस केला, काप दोन्ही बाजूंनी जेमतेम परतले आणि दाट ग्रेव्हीत क्षणभर सोडले. जूननी बशी पुसून खाल्ली.

रुचा मात्र मला चिंच, मीठ आणि तारेच्या घासणीने रडत घासत बसली; तेल पिऊन मुरलेला माझा काळा थर निघून गेला. मग दर गुरुवारी हेच. फोनवर आई विचारायची, "तवा बरा आहे ना?" रुचा म्हणायची, "हो." माझ्या डोळ्यांसमोर कचऱ्याचा डबा यायचा.

पदवीदान समारंभाला लताबाई आल्या आणि दुसऱ्याच सकाळी माझ्यावर घावन घालायला उभ्या राहिल्या. पहिलेच घावन चिकटले.

"याला काय झालं गं?"

टेबलाशी बसलेल्या जून कौतुकाने म्हणाल्या, "दॅट पॅन सेव्ह्ड मी! शी मेक्स लव्हली बीफ लिव्हर."

लताबाईंना इंग्रजी चांगले कळते. त्यांनी गॅस बंद केला. रुचा दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली. संपलो, मी मनात म्हटले.

लताबाईंनी कांदा अर्धा कापला, तेलात बुडवला आणि माझ्यावर फिरवू लागल्या. त्याआधी दोनदा त्यांनी मला शिवायला पुढे केलेला हात मागे घेतला होता.

"चिंचेने घासलास ना?"

"हो."

"मला सांगायचं होतंस. मी काय खाल्लं असतं तुला?" मग जूनकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "घावनाला दुसरा पाठवते. हा आता त्यांचाच."

मित्रांनो, त्यानंतर मला घावन लागले नाही. त्याचे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? बिडाच्या तव्याला तारेने घासू नका, ओला ठेवू नका. आणि घरच्यांपासून काही लपवायला तर मुळीच घासू नका. दोन वर्षे आम्ही दोघे ज्या बाईला भीत होतो, ती स्वतःच मला शिवायला घाबरलेली होती, आणि तरी तिने रागवायच्या आधी मला सावरायला कांदाच हातात घेतला.