अंगठ्याची खोबण

मी एक जुनी बेस गिटार आहे. पण माझा रंग पाहाल तर कालच दुकानातून आणली, असं म्हणाल. माझी रडकथा नेमकी तिथेच आहे.

मित्रांनो, आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण तोच प्रश्न ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. साध्या गिटारीला सहा तारा असतात, मला चारच. "उरलेल्या दोन कुठे गेल्या?" असं विचारू नका, कुणी चोरलेल्या नाहीत. माझा आवाज खालचा आणि जाड. गाणं संपलं की टाळ्या गायकाला मिळतात, माझं नावही कुणी घेत नाही. पण मी थांबले तर सगळं गाणं लटपटतं, हेही तितकंच खरं.

माझे मालक टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायचं काम करत. शनिवार-रविवारी ते एका हॉटेलातल्या वाद्यवृंदात मला वाजवत. त्यांची एक खोड होती. सगळे वादक अंगठा टेकवतात तिथे ते टेकवत नसत. सर्वांत जाड तारेच्या जरा वर, थेट माझ्या लाकडावर ते अंगठा रोवत. "अहो, रंग जातोय तिचा," त्यांची बायको ओरडायची. "जाऊ दे की, मला जागा सापडते," ते म्हणायचे. आधी तिथला लाल रंग गेला, मग खालचं पांढरं अस्तर गेलं, आणि पंचवीस वर्षांत लाकडात चक्क एक खोबण पडली. त्यांचा अंगठा तिच्यात अगदी फिट्ट बसायचा. मला त्या खोबणीचा अभिमान होता हो!

पुढे ते निवृत्त झाले आणि हळूहळू विसरायला लागले. आधी चष्मा, मग घरचा रस्ता, मग शेजाऱ्यांची नावं. एके दिवशी त्यांनी बायकोलाच विचारलं, "तुम्ही कुणाकडे आलात?" ती बिचारी स्वयंपाकघरात जाऊन रडली. पण रोज चार वाजता ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मला मांडीवर घेत. अंगठा चाचपडत खोबणीत जाऊन बसायचा आणि चेहऱ्यावर ओळख यायची. "आली का माझी?" म्हणत ते अर्धा तास वाजवायचे. तेवढा अर्धा तास ते घरात असायचे.

त्यांची मुलगी गुणाची पोर. बाबांच्या सत्तराव्या वाढदिवसाला मला नवीकोरी करून द्यायची, असं तिनं ठरवलं. जीव ओतून काम केलं तिनं. तारा सोडल्या, मान सुटी केली, प्रत्येक स्क्रू चिठ्ठी लावून डबीत ठेवला. मग गरम हवेच्या मशीनने माझा रंग फुगवला आणि पत्र्याच्या पातीने खरवडला. काचकागद घासून घासून तिच्या बोटांची सालं निघाली. कामाला दोन आठवडे लागले. तिकडे घरी बाबा चार वाजले की विचारायचे, "माझी कुठाय?" ती सांगायची, "येतेय बाबा, नटायला गेलीय."

शेवटचे हात मारायला तिनं मला फर्निचरला पॉलिश करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेलं. त्यानं खोबणीवरून बोट फिरवलं. "ताई, हा खड्डा राहू द्यायचा का भरायचा?"

मी मनातल्या मनात ओरडले, नको गं, नको! पण तारा नसलेल्या गिटारीला कुठला आवाज?

"भरून टाका काका," ती म्हणाली. "अगदी नव्यासारखी दिसली पाहिजे."

त्यानं खड्ड्यात लांबीचा लगदा भरला, तो सुकल्यावर घासून सपाट केली, वर रंगाचे चार हात दिले. तोच लाल रंग तिनं तीन दुकानं पालथी घालून शोधला होता.

वाढदिवसाला बरोबर चार वाजता तिनं मला बाबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांचा अंगठा खाली आला आणि घसरला. परत आला, परत घसरला. गुळगुळीत रंगावर तो कितीतरी वेळ फिरत राहिला. मग त्यांनी मला जपून उचललं आणि तिच्याकडे दिलं.

"फार छान आहे हो. पण ज्याची आहे त्याला देऊन ये, पोरी. तो वाट बघत असेल."

मुलीनं त्या सपाट जागेवरून बोट फिरवलं, तेव्हा आपण काय भरून टाकलं ते तिला कळलं. दुसऱ्या दिवशी तिनं ती लांबी उकरायला घेतली, पण हत्याराची खोबण वेगळी आणि अंगठ्याची वेगळी. तिनं पाती ठेवून दिली. मग रोज चार वाजता ती स्वतःच त्यांच्याशेजारी बसून मला वाजवू लागली. बाबा ऐकायचे. एकदा त्यांनी तिचा हात धरला. "इथे नाही, बाई. अंगठा इथे टेकव, म्हणजे जागा सापडते," म्हणाले आणि तिचा अंगठा बरोबर त्या जागेवर ठेवला. ना मुलगी ओळखली, ना मी. जागा मात्र ओळखली.

त्यानंतर महिन्याभरात ते गेले. शेवटपर्यंत चार वाजता विचारत होते, "माझी कुठाय?" मी समोरच होते, मित्रांनो.

तुमच्या घरातही कुणाची तरी झिजलेली, डागाळलेली वस्तू असेल. प्रेमानं घासायला घ्याल तेव्हा आधी तिच्या माणसाला एकदा विचारा, हा डाग हवाय का? माझ्या बाबतीत एवढं विचारायचं राहून गेलं.

मुलगी अजून मला वाजवते, अंगठा तिथेच टेकवून. काल तिथली चमक जराशी गेलेली दिसली. तिनं फडकं उचललं, आणि न पुसताच परत ठेवलं.