सामानाजवळची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. लोखंडी पाइपांची, निळ्या-पांढऱ्या नायलॉन पट्टीने विणलेली. मागच्या डाव्या पायाचं रबरी बूच हरवल्यामुळे मी थोडी कलते, पण माझ्यावरून आजवर कुणी पडलेलं नाही. तापीकाठी प्रकाशा नावाचं तीर्थ आहे, त्याच्याजवळच्या एका गावात, पपई आणि केळीच्या शेतांमध्ये माझं घर आहे. एरवी मी दाराआड भिंतीला टेकून उभी असते. घरात कुठे जायचं ठरलं, की सगळ्यांत आधी माझी आठवण होते. याचा मला फार गर्व होता. तो गर्व कसा उतरला, ते मी तुम्हांला सांगणार आहे.

शहाद्यात भिला नावाचा वेल्डिंग करणारा कारागीर होता. त्याच्याकडे एक दिवस नवनीत नावाचा शेतकरी आला. सारंगखेड्याच्या यात्रेत दरवर्षी त्याची बायको मंगलाबाई पिशव्यांजवळ जमिनीवर फतकल मारून बसायची, आणि उठताना तिचे गुडघे दुखायचे. म्हणून त्याला तिच्यासाठी हलकी, काखोटीला मारून नेता येईल अशी खुर्ची हवी होती. भिलाने दोन दिवसांत मला घडवलं. मंगलाबाई पहिल्यांदा माझ्यावर बसली तेव्हा लाजली. मग हळूच म्हणाली, "भलती आराम शे." ती माझी पहिली शाबासकी.

तुम्हांला वाटेल, यात्रेत ती पिशव्यांजवळ का बसायची? अहो, आमच्या घरची रीतच तशी. घरातून कुठेही निघायचं म्हणजे सोबत दशम्या हव्यात, लसणाची चटणी हवी, शेव हवी, पाण्याचा मोठा जार हवा, सतरंजी हवी, आणि लागली तर असावी म्हणून आणखी एक सतरंजी हवी. माणसं पाच आणि पिशव्या नऊ. एवढं सामान घेऊन गर्दीत हिंडता येत नाही, म्हणून कुणीतरी सामानाजवळ बसायचं. हे कुणीतरी म्हणजे नेहमी मंगलाबाई. तिला कुणी सांगायचंही नाही. ती आपणच म्हणायची, "तुम्ही फिरी या. मी बठसू सामानजोडे."

नवनीत पुढे आजारपणात गेला. त्याचा धाकटा भाऊ हिलाल, त्याचीही बायको लवकर वारली. हिलालचा मुलगा हेमकांत मंगलाबाईच्याच हातचं खाऊन मोठा झाला. तिला स्वतःचं मूल नाही. हेमकांत तिला मोठी माय म्हणतो, त्याची बायको चारुलता तेच म्हणते, आणि त्यांची अकरा वर्षांची रुपाही तेच म्हणते. अशी ती सगळ्या घराची मोठी माय.

तिच्यासोबत मी खूप फिरले. तापीवरच्या पर्वण्या झाल्या, नवापूरची लग्नं झाली, सुरतेची बागही झाली. मी सगळीकडे गेले, असं मी दाराआडच्या झाडूला ऐटीत सांगायचे. खरं पाहिलं तर मी सगळीकडचं फाटक पाहिलं, चपलांची रांग पाहिली, फार तर पार्किंग पाहिलं. मंगलाबाईनेही तेवढंच पाहिलं. मंडळी परत आली की ती मुलांना जवळ घेऊन आत काय काय होतं ते विचारायची आणि तोंडात बोट घालून ऐकायची.

मागच्या डिसेंबरात हेमकांतने रुपाला कबूल केलं, की सुरतेच्या पुढे जे मोठं मनोरंजन उद्यान उघडलंय तिथे सगळ्यांनी जायचं. त्या उद्यानाचं नाव मला नीट उच्चारता येत नाही. पण तिथे आभाळातून उलटे फिरवणारे पाळणे आहेत, पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, आणि आत एवढं चालावं लागतं की आमच्या गावाला दोन वेढे होतील.

आखणी चारुलताने हातात घेतली. ती शहाद्याच्या एका दवाखान्यात रुग्णांची नोंदणी करते, त्यामुळे गर्दी कधी असते आणि कशी टाळायची हे तिला बरोबर कळतं. तिने रविवार टाळून बुधवार धरला. आधी फोन करून उद्यान कधी उघडतं, काय नेऊ देतात, काय नाही, हे सगळं विचारून घेतलं. रुपाला दाराच्या चौकटीला उभं करून तिची उंची मोजली, कारण काही पाळण्यांत ठरावीक उंचीखालच्या मुलांना बसू देत नाहीत, आणि तासभर रांगेत उभं राहून परत फिरावं लागलं की मुलं रडतात. नवे बूट घालायचे नाहीत, पायात मुरलेलेच घालायचे. सगळ्यांत मोठ्या पाळण्याकडे सकाळीच जायचं, बाराच्या आत जेवून घ्यायचं, चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आत शिरताच ठरवायचं, आणि रुपाच्या दंडावर पेनाने बापाचा नंबर लिहायचा. मित्रांनो, तुम्हीही कुठे मोठ्या ठिकाणी जाणार असाल तर हे सगळं ध्यानात ठेवा. चारुलताची अक्कल उसनी घ्यायला हरकत नाही.

पण एवढ्या शहाण्या बाईचीही एक चूक झाली. तिने तिकिटं काढली ती चारच. हिलाल, हेमकांत, ती आणि रुपा. आणि यादीच्या शेवटी लिहिलं, 'सामान: मोठी माय आणि खुर्ची.' ती यादी तिने फ्रिजवर चिकटवली. माझं नाव यादीत आलं म्हणून मी काय फुगले होते! मंगलाबाईने यादी वाचली आणि ती माझी धूळ पुसायला लागली. एकच पट्टी ती फार वेळ पुसत राहिली.

निघायच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, ओसरीवर पिशव्या भरणं चाललं होतं. रुपा मध्येच बसली होती. तिने सहज विचारलं, "मोठी माय, सारंगखेडानी यात्रामा तू काय देखं?"

"पिशव्या देख्यात, दुसरं काय!" मंगलाबाई म्हणाली.

सगळे हसले. मंगलाबाईही हसली. रुपा मात्र गंभीरपणे पुढे विचारतच राहिली. सुरतेला? पिशव्या. नवापूरच्या लग्नात? तिथे पिशव्यांशिवाय वऱ्हाडाच्या चपलाही होत्या. आता हसणारे कमी होत गेले. चारुलता तर हसलीच नव्हती. ती उठली, फ्रिजवरची यादी काढून आणली आणि तिने शेवटची ओळ खोडली. मग मोबाइल घेऊन पाचवं तिकीट काढलं.

मंगलाबाई घाबरली. "आनि सामान कोन देखी?"

"सामानच नही लेवानं, मोठी माय. मंग तुम्ही कसाले बठशात?"

"पोरं भुक्या ऱ्हायनात मंग?"

"तठे खावानं भेटस."

नऊ पिशव्यांच्या दोन झाल्या. एकीत प्रत्येकाचा एक कोरडा कपडा, दुसरीत औषधं आणि टॉवेल. दशम्यांचा डबा फळीवर परत गेला. मला वाटलं, मलाही परत दाराआड ठेवतील. खरं सांगते, मला वाईट वाटलं. इतकी वर्षं ती माझ्याशिवाय कुठे गेली नव्हती. पण त्याच वेळी एक गोष्ट मला कळली, आणि ती कळल्यावर माझा सगळा गर्व उतरला. नवनीतने मला प्रेमानेच बनवून घेतलं होतं, यात शंका नाही. पण एखाद्याला बसायला चांगली जागा करून दिली, की बाकीचे त्याला तिथेच बसवून मोकळे होतात. मी नसते तर तिचे गुडघे दुखले असते, कंबर अवघडली असती, आणि कुणाला तरी तिची दया येऊन ती एकदा तरी आत गेली असती.

शेवटी मला नेलंच. चालून दमली तर बसायला हवी, असं हेमकांत म्हणाला. पहाटे भाड्याची जीप निघाली. नवापुरात चहा झाला. ऊन चढायच्या आत आम्ही उद्यानाच्या फाटकाशी होतो. जीपवाल्याला सुरतेत काम होतं. तो संध्याकाळी परत येतो म्हणाला आणि निघून गेला.

तेवढ्यात हिलालने आपल्या शालीखालून दशम्यांचा डबा काढला.

मित्रांनो, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही. चारुलताने कपाळाला हात लावला. हिलाल म्हणाला, "दशम्या नहीत तं तो परवास कसाना?"

फाटकावरच्या रखवालदाराने डबा पाहिला आणि नम्रपणे म्हणाला, "काका, बाहर का खाना अंदर नहीं जाएगा." लॉकर होते, पण ते फाटकाच्या आत, आणि तिथेही अन्न ठेवू देत नव्हते. एवढ्या सकाळी कुणाला भूक नव्हती, आणि अन्न फेकून द्यावं हे तर आमच्या घरात कुणी बोलूनही दाखवत नाही. रांग पुढे सरकत होती.

मंगलाबाईने मला उघडलं, झाडाच्या सावलीत मांडलं आणि डबा मांडीवर घेऊन ती बसली. "जा तुम्ही," ती म्हणाली, "मी बठस." तिच्या हातात तिकीट होतं. ते तिने डब्याच्या झाकणावर ठेवलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर तळहात ठेवला. मी तिला इतकी वर्षं पेललं आहे. तिचं वजन मला पाठ आहे. त्या दिवशी ती जड लागली.

रुपाच्या डोळ्यांत पाणी आलं. हेमकांत खाली पाहत होता. आणि तेव्हा हिलाल पुढे आला.

"वहिनी, उठा. डबा मी आना, मीच बठसू."

"काहीबी काय, भाऊ! दीर बाहेर आनि मी आत? लोके काय म्हनतीन?"

"लोके पाळना देखतीन. मले कोन देखस?"

ती उठेना. मग या साठीतल्या माणसाने वाकून तिच्या मांडीवरचा डबा उचलला. "वहिनी, तुम्ही मन्हा पोरगाले वाढाव, मी तुमले एक दिन देऊ नही शकस का?" असं म्हणून त्याने तिकीट तिच्या हातात दिलं. मंगलाबाई उठली. रुपाने तिचा हात धरला. दोघी फाटकातून आत गेल्या आणि मी पहिल्यांदा तिची पाठ पाहिली.

हिलाल माझ्यावर बसला. पहिला तास त्याने मजेत काढला. दुसऱ्या तासात त्याने तीनदा घड्याळ पाहिलं. तिसऱ्या तासात तो आजूबाजूला बघू लागला, आणि त्याला दिसलं की त्या झाडांच्या सावलीत तो एकटा नाही. ओळीने बायका बसल्या होत्या. प्रत्येकीभोवती पिशव्या, बाटल्या, लेकरांचे स्वेटर. आतून किंकाळ्या आणि हसणं ऐकू आलं की सगळ्याजणी एकदम मान वर करायच्या. हिलाल पुटपुटला, "वीस वरीस वहिनीनी हाईच करं."

एक वाजता मंगलाबाई एकटीच बाहेर आली. लुगड्याचा काठ ओला, केस विस्कटलेले. पाण्यातल्या नावेत ती "माय वं" म्हणून अशी ओरडली होती की पुढच्या नावेतली माणसं मागे वळून बघत होती. संथ फिरणाऱ्या झुकझुक गाडीत ती दोनदा बसली होती. उलट्या पाळण्याला तिने खालूनच हात जोडले होते. हे सगळं ती हिलालला उभ्या उभ्या सांगत होती आणि सांगताना तिला दम लागत होता. मग तिने त्याच्या हातून डबा घेतला. "आते तुम्ही जा. आते मन्ही पाळी."

हिलाल आत गेला. ती माझ्यावर टेकली आणि तिने डबा उघडला. शेजारी जमिनीवर एक बाई बसली होती, सहा पिशव्या सांभाळत. मंगलाबाईने तिच्या हातावर दशमी ठेवली आणि नाव विचारलं. ती रेवाबाई, नवापूरकडची. मुलगा, सून, नातवंडं सकाळपासून आत होती. खाताना रेवाबाईच्या पदराची गाठ सुटली आणि आतून तिकीट खाली पडलं. कोरं, न वापरलेलं.

"हाई काय?" मंगलाबाईने विचारलं.

"पोराने काढेल शे. पन सामान शे ना," रेवाबाई म्हणाली. "आनि मी काय करू आत जाई? मन्हं वय शे का?"

"मी बी आसंच म्हने," मंगलाबाई म्हणाली. तिने मला उचललं आणि त्या सहा पिशव्यांच्या मध्ये मांडलं. "ऊठ. पहिले नावमा बठ. पिशव्या मी देखस."

रेवाबाईने तोंड पुसलं, पदर खोचला आणि ती फाटकाकडे चालू लागली. दोनदा तिने मागे वळून पाहिलं. दोन्ही वेळा मंगलाबाईने हाताने तिला पुढे ढकलल्यासारखं केलं.

मित्रांनो, आता माझी पट्टी सैल झाली आहे. कुणी मला एकदा नीट विणून घेतलं आणि पायाला बूच बसवलं, तर मी अजून दहा वर्षं सहज काढीन. मला अडगळीत टाकू नका. सहलीला मला जरूर न्या, कारण थकलेल्या माणसाला बसायला हवंच. फक्त मला मांडताना एवढं करा, की दर तासाला माझ्यावरचं माणूस बदला.